घडी घातलेल्या पेपराएवढी जागा

जपानमधल्या कुठल्या रेल्वेमार्गावर किती गर्दी असते, हे तिथलं वाहतूक मंत्रालय दरवर्षी टक्क्यांत जाहीर करतं. पण 'अमुक मार्गावर १८० टक्के गर्दी' असं वाचून सामान्य माणसाला काय बोध होणार? म्हणून मंत्रालयाने सोबत एक खुलासा द्यायला सुरुवात केली आणि तो वर्षानुवर्षं छापला. त्यानुसार १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा तरी आहे, नाहीतर धरायला वरची कडी किंवा दाराजवळचा दांडा तरी आहे. १५० टक्के म्हणजे पेपर उघडून आरामात वाचता येतो. १८० टक्क्यांना पेपराची घडी घालावी लागते, पण वाचता येतो. २०० टक्क्यांना अंगाला अंग लागतं, चांगलाच दाब जाणवतो, तरी एखादं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. आणि २५० टक्क्यांना गाडी हलली की माणूस तिरका होतो आणि हातसुद्धा हलवता येत नाही.

गंमत बघा. पाय ठेवायला जागा आहे का, श्वास घेता येतो का, असलं काही या मोजपट्टीत नाही. प्रश्न एकच, वाचता येतं का? आपल्याकडे मुंबईच्या लोकलची गर्दी सांगताना दर चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं असा हिशोब सांगतात. तो हिशोब माल भरल्यासारखा आहे. जपानी मंत्रालयाने मात्र नकळत वेगळंच काहीतरी मोजलं : एवढ्या लोकांच्या मध्ये उभं राहून माणसाला स्वतःपुरतं राहता येतं का.

पॉडकास्टच्या भागात या मोजपट्टीचा फक्त ओझरता उल्लेख झाला होता. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तिच्यामुळे एका लाडक्या समजुतीला धक्का बसतो. टोकियोच्या गाडीतला फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. सात माणसं एका रांगेत बसलेली, सातही माना खाली, सात हातांत सात फोन. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की फोन आले आणि माणसं एकमेकांशी बोलायची थांबली. आता हा फोटो १९७५ साली काढला असता तर? माना तेव्हाही खालीच असत्या. हातांत पेपर, पुस्तक, कॉमिकचं जाडजूड साप्ताहिक असतं आणि उरलेले झोपलेले असते.

मग जपानी माणसं आधीपासूनच, स्वभावतःच अशी गप्प, असं म्हणायचं का? तेही नाही.

जपानमध्ये पहिली रेल्वे १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा अशी धावली. त्या काळात वाचन ही मुळात गप्प बसून करायची गोष्टच नव्हती. माएदा आई या समीक्षकाने दाखवून दिलं आहे की मेइजी काळात घरातल्या एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, ही अगदी रुळलेली पद्धत होती. आपल्याकडे पोथी लावायचे तसं समजा, फक्त पोथीच्या जागी पेपर किंवा कादंबरी. वाचनाचा इतिहास लिहिणाऱ्या नागामिने शिगेतोशी यांना तर असं आवाजी वाचन स्टेशनांत आणि रेल्वेच्या डब्यांतही सापडलं. म्हणजे शेजारचा माणूस मोठ्याने पेपर वाचतोय आणि डबा ऐकतोय (किंवा वैतागतोय), असं दृश्य जपानमध्ये एकेकाळी होतं.

गप्पाही होत होत्या. नात्सुमे सोसेकी यांची 'सान्शिरो' ही कादंबरी १९०८ ची. तिची सुरुवातच रेल्वेच्या डब्यात होते. क्यूशूहून टोकियोला शिकायला निघालेला पोरगा, शेजारच्या म्हाताऱ्याशी आपल्या संसाराची कर्मकथा बोलणारी एक बाई, आणि पुढच्या गाडीत भेटलेला, पीच खात खात देशाचं भवितव्य सांगणारा मिशीवाला. आपल्या एखाद्या लांबच्या पॅसेंजर गाडीतही हा प्रसंग सहज खपून जाईल.

पण हा लांबचा प्रवास झाला. रोजची नोकरीची गाडी ही वेगळी चीज आहे. सान्शिरोच्या एक वर्ष आधी, १९०७ मध्ये, तायामा काताई या लेखकाची 'शोजोब्यो' नावाची कथा आली. तिच्यातला मध्यमवयीन संपादक रोज टोकियोच्या उपनगरी गाडीने कामाला जातो आणि डब्यातल्या शाळकरी मुलींकडे टक लावून बघतो. बोलत काहीच नाही, फक्त बघतो. रोज त्याच मुली, तेच स्टेशन. शेवटी एका मुलीकडे बघता बघता तो गर्दीच्या गाडीतून खाली पडतो आणि समोरून येणाऱ्या गाडीखाली जातो. कथा म्हणून ती विचित्र आहे, पण तिच्यात एक नवी परिस्थिती नेमकी पकडली आहे. अनोळखी माणसं रोज एकमेकांसमोर बसतात आणि नजर कुठे ठेवायची हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही. योगायोग असा की १९०८ मध्ये, तिकडे बर्लिनमध्ये, गेओर्ग झिमेल हा समाजशास्त्रज्ञ साधारण हेच लिहीत होता : ट्राम-रेल्वे येण्याआधी माणसांना एकमेकांकडे मिनिटंच्या मिनिटं, तासन्‌तास बघत, पण न बोलता बसायची वेळच आली नव्हती.

तर प्रश्न तोंडाचा कमी आणि डोळ्यांचा जास्त होता.

त्यावरचा जपानमधला सगळ्यात टिकाऊ तोडगा म्हणजे बुंकोबोन, खिशात मावणारं पुस्तक. इवानामी या प्रकाशनाने १९२७ मध्ये 'इवानामी बुंको' ही माला सुरू केली. कल्पना जर्मनीतल्या रेक्लाम मालेवरून घेतलेली, उद्देश स्वस्तात अभिजात साहित्य पोचवण्याचा. शंभर पानांना एक तारा आणि एका ताऱ्याला वीस सेन, अशी किंमत असायची. रेल्वेसाठी म्हणून ही माला काढली नव्हती. पण आजच्या बुंकोबोनचा आकार बघा : साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. एका हाताने कडी धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पानं दाबून धरायची, झालं. शिवाय दुकानदार पुस्तकाला कागदी कव्हर घालून देतो, अजूनही 'कव्हर घालू का?' असं काउंटरवर विचारतात. त्यामुळे समोरच्याला तुम्ही दोस्तोयेव्हस्की वाचताय की हेरकथा, हे कळत नाही. मला हे कव्हर फार आवडतं. ते पुस्तकालाही जपतं आणि वाचणाऱ्यालाही.

युद्धानंतर शहराबाहेर मोठमोठ्या गृहवसाहती झाल्या, नोकऱ्या मात्र मध्य टोकियोतच राहिल्या, आणि 'त्सूकिन जिगोकु' म्हणजे 'नोकरीच्या प्रवासाचा नरक' हा शब्द रूढ झाला. १९७५ साली टोकियो परिसरातल्या ३१ मुख्य टप्प्यांवर ऐन गर्दीच्या वेळी सरासरी गर्दी २२१ टक्के होती. मोजपट्टी आठवा : साप्ताहिकसुद्धा मुश्किलीने. या प्रवाशांवर अख्खा धंदा उभा राहिला. 'युकान फुजी' हा सायंदैनिकांतला टॅब्लॉइड १९६९ चा, 'निक्कान गेंदाई' १९७५ चा. दोन्ही स्टेशनवर विकत घेऊन घरी जाताना वाचायचे. 'शोनेन जम्प' या कॉमिक साप्ताहिकाचा खप १९९४ च्या अखेरीस ६५ लाखांच्या वर गेला. वाचून झालं की लोक ते वरच्या जाळीवर ठेवून उतरायचे आणि पुढचा प्रवासी ते उचलायचा. दोघांची नजरानजरही व्हायची नाही. एकमेकांशी एक शब्द न बोलता चालणारं वाचनालयच म्हणा ना.

ज्याला हातही हलवता येत नाही त्याच्यासाठी वर टांगलेल्या जाहिराती होत्या. साप्ताहिकांच्या जाहिरातींत अख्ख्या अंकाची शीर्षकं छापलेली असायची. मंत्र्याची लफडी, नटीचा घटस्फोट, सगळं मान वर करून फुकटात.

आणि झोप. तिच्यावर ब्रिगिटे श्टेगर या अभ्यासिकेने बरंच काम केलं आहे. चारचौघांत लागलेल्या डुलकीला जपानीत 'इनेमुरी' म्हणतात. शब्दाच्या पहिल्या अक्षराचा अर्थ 'हजर असणं', दुसऱ्याचा 'झोप'. म्हणजे हजर राहून झोपणं. खरी दमलेली माणसं झोपतातच, पण न दमलेल्यांनाही ही सोय आहे. समोर म्हातारी आजी उभी आहे आणि उठायचं जिवावर आलंय, तर डोळे मिटायचे. या सोंगाला 'तानुकी-नेइरी' असा खास शब्द आहे. तानुकी हा रॅकूनसारखा दिसणारा, लोककथांमधला लबाड प्राणी, आणि ही त्याची झोप.

थोडं थांबून आपल्याकडे बघू. कारण गर्दी वाढली की माणसं आपोआप गप्प होतात, असा निष्कर्ष कुणी काढेल, तर तो चूक आहे हे सांगायला मुंबई पुरेशी आहे. आपल्या लोकलमध्ये भजनी मंडळं आहेत, मांडीवर ब्रीफकेस ठेवून रंगणारे पत्ते आहेत, लेडीज डब्यात निवडली जाणारी भाजी आणि हळदीकुंकू आहे, दसऱ्याला डब्याची पूजा आहे. गर्दी टोकियोइतकीच, किंबहुना जास्तच. माझा अंदाज असा की आपल्याकडे माणूस 'आठ बाराच्या फास्ट'चा असतो. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, दार ठरलेलं. त्यामुळे अनोळखी माणूस महिन्याभरात 'ट्रेनफ्रेंड' होतो. अर्थात त्याच मुंबईत पेपराची उभी घडी घालून, कोपर शेजाऱ्याला न लावता अग्रलेख संपवणारे कसबी लोकही होतेच. सांगायचं एवढंच की शांतता गर्दीतून आपोआप येत नाही. ती ठरवावी लागते.

आणि जपानमध्ये ती किती चिकाटीने ठरवली गेली हे भिंतींवर दिसतं. टोकियोच्या भुयारी रेल्वेने शिष्टाचाराची पोस्टर्स लावायला १९७४ मध्ये सुरुवात केली. हिदेया कावाकिता या डिझायनरचं १९७६ चं पोस्टर तर गाजलं. त्यात मर्लिन मन्रो होती, विषय गाडीत विसरलेल्या छत्र्यांचा, आणि मथळा तिच्या एका सिनेमाच्या नावावरचा विनोद. २००८ पासून बुनपेई योरिफुजी यांची पिवळी-काळी चित्रं आली : गाडीत मेकअप करणारी बाई, दारूत लोळणारा साहेब, आणि वर मथळा 'हे घरी करू या'. स्वभावच शांत असता तर इतकी वर्षं पोस्टर्स कशाला लावावी लागली असती?

कानांवरचं पहिलं मोठं आक्रमण म्हणजे वॉकमन. सोनीने तो १ जुलै १९७९ ला बाजारात आणला. पहिल्या मॉडेलला दोन हेडफोन लावायची सोय होती आणि 'हॉट लाइन' नावाचं केशरी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलता यायचं. हे का, तर अकिओ मोरिता यांनी आत्मचरित्रात सांगितलंय की नमुना घरी नेऊन ऐकत बसल्यावर बायको वैतागली, तिला बाहेर ठेवल्यासारखं वाटलं. एकट्यानेच ऐकणं म्हणजे उद्धटपणा, असं मोरितांना वाटलं. गिऱ्हाइकांना तसं काही वाटलं नाही. त्यांना एकट्यानेच ऐकायचं होतं, आणि ते बटण पुढच्या मॉडेलांमधून गेलं. डब्यात तक्रार निघाली ती वेगळीच, हेडफोनमधून बाहेर झिरपणाऱ्या 'शाका-शाका' आवाजाची. तुम्ही तुमच्या जगात जा, पण तुमचं जग आमच्या कानात सांडू नका.

मोबाइलवरचा राग याच रांगेत ठेवून बघायला हवा. १९९० च्या दशकात फोन हातोहाती झाले आणि जपानी प्रवासी खवळले ते बोलण्यावर. आता प्रश्न असा की दोन मित्र गाडीत गप्पा मारतात ते चालतं, मग एक माणूस फोनवर बोलला तर काय बिघडलं? याचं एक उत्तर मानसशास्त्रात आहे. लॉरेन एम्बरसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रयोग करून दाखवलं की संभाषणाची एकच बाजू ऐकू आली तर आपलं लक्ष जास्त विचलित होतं. पुढचं वाक्य काय असेल याचा मेंदूला अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो ऐकणं सोडू शकत नाही. दुसरं उत्तर सामाजिक आहे आणि मला ते जास्त पटतं. डब्यातल्या सगळ्यांनी मिळून एक मूक करार पाळलेला असतो, की आपण इथे आहोत पण एकमेकांसाठी नाही आहोत. फोनवर बोलणारा त्या डब्यात एक बिनतिकीट प्रवासी घेऊन येतो, जो दिसत नाही, पण सगळ्यांच्या मध्ये बसतो.

नियमही तसेच झाले. २००३ मध्ये टोकियो परिसरातल्या रेल्वे कंपन्यांनी एकच घोषणा ठरवली : वृद्ध-अपंगांसाठीच्या आसनांजवळ फोन बंद ठेवा, इतरत्र मॅनर मोडवर ठेवा आणि बोलणं टाळा. हा 'मॅनर मोड' शब्दही बघा, आपण ज्याला सायलेंट म्हणतो त्याला तिथे शिष्टाचार म्हणतात. आसनांजवळ बंद ठेवण्याचं कारण पेसमेकर. आधी फोन आणि पेसमेकर यांत २२ सेंटिमीटर अंतर ठेवा असा सल्ला होता, २०१३ मध्ये तो १५ वर आला. मग कान्साईत २०१४ ला आणि टोकियोकडे २०१५ च्या ऑक्टोबरात 'फक्त गर्दीच्या वेळी बंद करा' अशी सवलत मिळाली. बोलण्याबद्दल मात्र सवलत नाही. तांत्रिक कारण ढिलं झालं, सामाजिक कारण जसंच्या तसं राहिलं.

दरम्यान फोनने स्वतःच तोड काढली होती. डोकोमोची आय-मोड सेवा २२ फेब्रुवारी १९९९ ला सुरू झाली, आणि दीड वर्षात तिचे एक कोटी ग्राहक झाले. आता फोनवर ईमेल होतं, बातम्या होत्या, पुढे अंगठ्याने लिहिलेल्या आणि अंगठ्याने वाचल्या जाणाऱ्या 'केइताई' कादंबऱ्या आल्या. म्हणजे फोन हळूहळू बुंकोबोन झाला : एका हातात मावणारा, आवाज न करणारा आणि समोरच्याला मजकूर न दाखवणारा. दाइसुके ओकाबे आणि मिझुको इतो यांनी गाड्यांमध्ये बसून याच्या नोंदी केल्या. २००५ च्या त्यांच्या पुस्तकात ते दाखवतात की बोलणं निषिद्ध आणि मेसेज चालेल, हा भेद तरुणांनाही मान्य होता. पण एक फरक ते नोंदवतात आणि तो कळीचा आहे. पुस्तक वाचणारा लेखकाबरोबर असतो, वॉकमनवाला गाण्याबरोबर. फोनवाली मुलगी मात्र आपल्या चार-पाच जिवलगांबरोबर असते, 'आत्ता शिंजुकुला पोचले', 'ऊन काय पडलंय' असल्या किरकोळ मेसेजांमधून. बाहेरून बघताना ती जास्त एकटी दिसते. प्रत्यक्षात १९७५ च्या पेपरवाल्यापेक्षा ती कितीतरी कमी एकटी आहे.

डब्यातली इतर साधनं मात्र गेली. 'शूकान बुनशुन' या साप्ताहिकाने टांगत्या जाहिराती २०२१ च्या ऑगस्टमध्ये थांबवल्या, पाठोपाठ 'शूकान शिंचो'ने. वर बघणारं उरलंच नव्हतं. 'युकान फुजी' २०२५ च्या जानेवारीअखेर बंद झाला. गर्दीसुद्धा उतरली, २०१९ मध्ये १६३ टक्के होती, कोविडच्या २०२० मध्ये १०७. म्हणजे पेपर पसरून वाचता येईल इतकी जागा झाली, तेव्हा पेपरच नव्हता.

इथवर ही शांतता मी जवळजवळ कौतुकाने सांगितली. पण तिची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. काताईच्या कथेतला संपादक नुसता बघत होता. गर्दीच्या गाडीत मुलींच्या अंगाला हात लावणाऱ्याला जपानीत 'चिकान' म्हणतात आणि तो हात गर्दीतला धक्का की मुद्दाम, या संशयाच्या आडोशाने तो वावरतो. डब्यात कुणीच बोलायचं नाही हा करार त्याच्या पथ्यावर पडतो. ओरडायचं म्हटलं तर नियम मोडणारी तीच ठरते. वेगळे डबे हा जुना उपाय : १९१२ मध्ये चुओ मार्गावर विद्यार्थिनींसाठी डबे ठेवले होते, आणि २००१ मध्ये केइओ रेल्वेने बायकांचे डबे रीतसर सुरू केले. पण सगळ्याच गाड्यांना, सगळ्याच वेळी ते नसतात.

टोकियो पोलिसांच्या 'डिजी पोलिस' या अ‍ॅपमध्ये यासाठी एक सोय आहे. बटण दाबलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'चिकान आहे, मदत करा' असं येतं. मुलीने फोन शेजारच्या प्रवाशासमोर धरायचा, एक शब्द न बोलता. पुन्हा बोट लावलं की फोन तिच्या वतीने मोठ्याने म्हणतो, 'थांबवा!' २०१९ पर्यंत हे अ‍ॅप सव्वादोन लाखांहून जास्त वेळा उतरवून घेतलं गेलं होतं.

त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, रोजच्या या त्रासाला कंटाळलेल्या एका शाळकरी मुलीने आईच्या मदतीने एक कार्ड बनवलं आणि ते अंगावर लावून प्रवास सुरू केला. पुढे लोकवर्गणीतून त्याचे बिल्ले निघाले, दप्तराच्या पट्ट्याला लावायचे. कार्डावर दोन वाक्यं होती. पहिलं, चिकान हा गुन्हा आहे. दुसऱ्यात 'नाकी-नेइरी' हा शब्द होता. अन्याय मुकाट गिळणं असा त्याचा रूढ अर्थ, शब्दशः मात्र रडत रडत झोपी जाणं. तिने लिहिलं होतं, मी नाकी-नेइरी करणार नाही.